सगळ्यांसाठी खुलं

माझी आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, "आमची मीनल कर्नलकडे कामाला आहे." तिच्या डोळ्यांसमोर सैन्यातला कोणीतरी मिशीवाला कर्नल होता आणि त्याच्या ऑफिसात मी टायपिंग करत होते. मी समजावून पाहिलं. कॉम्प्युटरच्या आत एक मूळ प्रोग्रॅम असतो, तो बाकीच्या प्रोग्रॅमना कामं वाटून देतो, त्यालाही इंग्रजीत तसंच काहीसं म्हणतात, असं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हुकूम देतो ना? मग कर्नलच की." मी नाद सोडला. निर्मळला, आमच्या गावी, आळीतल्या एक-दोन म्हाताऱ्या अजून विचारतात, तुझे ते साहेब रिटायर झाले का गं?

साहेब नव्हतेच. होता तो वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतला पहिल्या मजल्यावरचा एक गाळा. खाली प्लास्टिकच्या बादल्या बनत आणि वर आम्ही अवकाशात जाणारं सॉफ्टवेअर लिहीत असू. बादल्यांचं यंत्र चालू झालं की आमची टेबलं थरथरायची. पाहुण्यांना खोटं वाटायचं. आम्हालाही कधी कधी वाटायचं.

आम्ही लिहीत होतो तो 'रिअल टाइम' कर्नल. रिअल टाइम म्हणजे जलद, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. रिअल टाइम म्हणजे वेळेवर. आमची मोगऱ्याची वाडी होती. कळ्या खुडून, पाटीत ओल्या फडक्याखाली झाकून आई त्या दादरच्या बाजारात पाठवायची. कळ्या कितीही टपोऱ्या असोत, सौदा उरकल्यावर पाटी पोचली की सगळं फुकट. फार आधी पोचली तर गिऱ्हाईकच आलेलं नसायचं. उपग्रहाचंही तसंच. बॅटरी तपासायची, तापमान बघायचं, तोंड सूर्याकडे वळवायचं, जमिनीशी बोलायचं, ही सगळी कामं एका छोट्याशा कॉम्प्युटरवर चालतात आणि एका क्षणी त्यातलं एकच करता येतं. कोणतं आधी, कोणतं थांबेल, मध्येच तातडीचं काही आलं तर हातातलं कुठे ठेवायचं, हे कर्नल ठरवतो. एकदा वर गेला की त्याच्या दुरुस्तीला माणूस पाठवता येत नाही. म्हणून तो लहान हवा, आणि त्यातली ओळ न् ओळ कोणीतरी शंकेखोर नजरेने वाचलेली हवी.

कंपनी साठे सरांची. ते सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी हा गाळा घेतला. कापडगिरण्यांच्या यंत्रांचे कंट्रोल बोर्ड हे पोटापाण्याचं काम, आणि कर्नल हे त्यांचं वेड. बाहेरून विकत मिळणारे कर्नल बंद डब्यासारखे असत, आत काय आहे ते दिसायचं नाही. सर म्हणत, "जे उघडून बघता येत नाही ते मी वर पाठवणार नाही." म्हणून आपला स्वतःचा लिहायचा, आणि लिहून झाला की कपाटात न ठेवता इंटरनेटवर मांडायचा. कोणीही घ्या, वाचा, बदला, वापरा. अट एकच, लिहिणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत.

लिहिणारे आम्ही दोघं. मी आणि इनास. तो गासचा, ख्रिस्ती, घरची भाजीची वाडी. त्यांच्या घरात कादोडी बोलत, आमच्यात वाडवळी. ऑफिसात दोघंही शाळेत शिकलेलं मराठी बोलायचो. पण कोडमध्ये चूक सापडली की तो त्याच्या बोलीत चिडायचा, मी माझ्या, आणि दोघांनाही ते बरोबर कळायचं. कामांना पाळी लावून देणारा भाग इनासने लिहिलेला. बाहेरून येणारे तातडीचे इशारे झेलणारा भाग माझा. तो रविवारी कधीही कामाला आला नाही, चर्चमध्ये गायचा. इतर दिवशी मात्र माझी प्रत्येक ओळ तो ओठ हलवत वाचायचा आणि एखाद्या ओळीवर थांबून म्हणायचा, "मीनल, ही ओळ मनातून घाबरलेली आहे." ती खरंच घाईत लिहिलेली असायची.

साधनं आमच्याकडे काहीच नव्हती. थंडीची चाचणी करायला खास कक्ष लागतो. आम्ही कर्नल घातलेला बोर्ड घेऊन नायगावच्या बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथला दामू बोर्डाकडे बराच वेळ बघत राहिला.

"बाय, यात काय हाय?"

"उपग्रहाचं मशीन आहे."

"पानी गेला आत त मना नको बोलू. हितं मासल्याचा बरफ बनतंय."

बोर्ड थंडीत उत्तम चालला आणि बाहेर काढल्यावर बंद पडला, कारण त्यावर दव धरलं. पाणी गेलंच आत. दामूने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढच्या वेळी आम्ही बोर्डाला डब्यात घालूनच नेलं.

त्यातून कर्नल उभा राहिला आणि लोक तो घेऊ लागले. कोण घेतंय हे आम्हाला कळायचं नाही. अडलं तरच ते विचारायचे. कोणी दूध गार ठेवायच्या टाकीत वापरत होता, कोणी परदेशात मेंढ्यांच्या गळ्यातल्या पट्ट्यात. सांगलीकडचे एक कारखानदार अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचपेट्या बनवायचे. ते अधूनमधून काहीही काम नसताना फोन करत. "ताई, बाळं बरी आहेत." एवढंच सांगून ठेवून देत. इनासला तो फोन फार आवडायचा. ते बोलायला लागले की तो स्पीकर चालू करायला सांगायचा.

आणि मग घाटावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं आली. त्यांना पावाच्या लादीएवढा उपग्रह करायचा होता. मोठ्या उपग्रहासोबत कडेला बसवून त्याला न्यायचं कबूल झालं होतं. साठे सरांचं वेड शेवटी खरोखर वर जाणार होतं. त्या महिन्यांत सर जिना दोन पायऱ्या एकदम चढायचे.

त्याच सुमाराला ते गृहस्थ आले. राखाडी सफारी, हातात पातळ फाइल, बोलणं अगदी मृदू. सर बाहेरगावी गेले होते. गृहस्थांनी आधी आमच्या कामाचं कौतुक केलं, आणि ते वरवरचं नव्हतं. त्यांनी कोड खरोखर वाचला होता.

"एकच अडचण आहे," असं म्हणून ते फळ्याकडे गेले. त्यांच्या वस्तूला एक धक्का बसतो. त्यासरशी तीन-चार ठिकाणचे इशारे एकदम येतात. नंतर ठरलेल्या क्षणी एक काम व्हायला हवं. बहुतेक वेळा होतं. क्वचित उशिरा होतं.

मला चूक तिथल्या तिथे दिसली. दोन कामांची पाळी एकाच क्षणी आली आणि नेमका त्याच वेळी बाहेरून इशारा आला, तर दुसरं काम रांगेत मागे पडत होतं. इनासचा भाग आणि माझा भाग जिथे जोडले होते त्या शिवणीतच ती चूक होती. इतकी वर्षं आम्ही दोघांनी एकमेकांचं वाचलं आणि शिवण कोणीच वाचली नाही. मी उत्साहाने सांगायला लागले. इनास फळ्याकडे बघतच नव्हता.

"धक्का केवढा?" त्याने विचारलं.

गृहस्थांनी आकडा सांगितला. रॉकेटमध्ये बसतो त्याच्या कितीतरी पट होता.

"वस्तू चालते किती वेळ?"

"एक मिनिटसुद्धा नाही."

"मग?"

"मग तिचं काम झालेलं असतं."

"परत येते?"

गृहस्थ हसले. वाईट हसू नव्हतं, एखादा मास्तर हुशार मुलाकडे बघून हसेल तसं. "नाही येत."

चहा आला होता. इनासने कप उचलला नाही. "तोफेतून जाते का?"

"आपण इन्स्ट्रुमेंटेशन म्हणू या," ते म्हणाले, आणि फाइल बंद केली.

ते गेल्यावर इनास फळा पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत होता. मग म्हणाला, "हे दुरुस्त करायचं नाही."

मी म्हटलं, "इनास, मुलांचा उपग्रह रॉकेटपासून सुटतो तेव्हा हेच होतं. धक्का बसतो, सगळे इशारे एकदम येतात, आणि मग अँटेना उघडायची असते. ते काम मागे पडलं तर उपग्रह मुका. आपल्याला आता हे माहीत आहे."

"मग मुलांना दे. त्यांच्या प्रतीत गुपचूप दुरुस्त कर. बाहेर मांडू नको."

"आणि काचपेटीवाले?"

"त्यांना फोन कर."

"ज्यांचे फोन माझ्याकडे नाहीत त्यांचं काय? दुधाच्या टाकीचं राहू दे. आणखी कोणी बाळांची पेटी केली असेल, कोणी श्वासाचं यंत्र केलं असेल. आपल्याला माहीत तरी आहे का? सगळ्यांसाठी खुलं म्हणून आपणच मांडलं ना?"

"सगळ्यांसाठी," तो म्हणाला. "मला वाटायचं सगळे म्हणजे सांगलीचे."

दुसऱ्या दिवशी सर आले. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते व्याख्यान देतील. ते नुसते खुर्चीत बसले, एकदम थकलेले. "अटीत तसं लिहायचं मनात आलं होतं," ते म्हणाले. "याने वापरावं, त्याने वापरू नये. पण कुंपण घातलं की त्याची राखण करावी लागते. ती आपण कशी करणार? जो खोटं बोलून नेईल त्याला कोण धरणार? निदान हा माणूस दारातून आला."

"म्हणून त्याला मदत करायची?" इनासने विचारलं.

"मदत चूक दुरुस्त करण्याला आहे. चूक आपली आहे."

इनास म्हणाला, "सर, माझे वडील रस्त्याकडेच्या शेतात भाजी लावतात. कोणी चोरून नेली तर ते पोलिसात जात नाहीत. पण कोणी कोयता मागायला आला आणि कशासाठी ते कळलं, तर ते देणार नाहीत."

मला त्याचं म्हणणं पटत होतं आणि काय करायचं तेही ठरलेलं होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी एका माणसात राहू शकतात, हे मला त्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

दुरुस्ती मी एकटीने केली. इनासने केली असती तर लवकर झाली असती. निम्मी शिवण त्याच्या बाजूची होती. तो शेजारच्या टेबलावर गिरणीच्या बोर्डाचं काम करत बसलेला असायचा. दुपारची वीज गेली की पंखे बंद पडायचे, कॉम्प्युटर बॅटरीवर चालायचे आणि दोघांच्या कीबोर्डचे आवाज तेवढे ऐकू यायचे. एकदा मी अडकले. त्याच्या भागातली एक ओळ अशी का लिहिली होती ते मला कळेना. त्याला विचारलं. त्याने मान वर केली, उत्तर त्याच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं, आणि त्याने पुन्हा खाली बघितलं. त्या एका ओळीसाठी माझे कितीतरी दिवस गेले. मी त्याच्यावर रागावले नाही. ते त्याचं उत्तरच होतं.

दुरुस्ती बाहेर मांडली त्या दिवशी त्याने राजीनामा दिला. सरांकडे जाण्याआधी माझ्या टेबलाशी आला.

"माझं नाव काढ."

"नावं पुसायची नाहीत, ही आपलीच अट आहे."

"दुसऱ्यांसाठी आहे. मी माझं स्वतःचं काढायला सांगतोय. पाहिजे तर लिहून देतो."

"तू लिहिलंयस ते. निम्म्याहून जास्त तू लिहिलंयस."

"म्हणूनच," तो म्हणाला.

सगळ्या फाइलींतून एखादं नाव काढणं एका आज्ञेत होतं. मी तसं केलं नाही. एकेक फाइल उघडली, वरची ओळ पाहिली, काढली, बंद केली. सर मध्ये एकदा पाठीमागे येऊन उभे राहिले आणि गेले. बादल्यांचं यंत्र चालू होतं. स्क्रीन थरथरत होता म्हणून मला नीट दिसत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

उपग्रह गेला. मी त्या कॉलेजात होते. एका प्रयोगशाळेत पोरं, प्राध्यापक, पोरांचे आईवडील असे सगळे दाटीवाटीने उभे होते. रेडिओच्या खरखरीतून त्याचा आवाज आला तेव्हा आधी कोणालाच खरं वाटलं नाही, आणि मग सगळे ओरडले. एका मुलाची आई रडत होती आणि तिला काय झालं ते कळत नसल्यामुळे शेजारणीला विचारत होती.

नंतर उपग्रहाने पाठवलेल्या नोंदी मी बघितल्या. सुटण्याच्या क्षणी इशारे एकदम आले होते. नेमके तसेच, त्या गृहस्थांनी फळ्यावर काढले होते तसे. जुना कर्नल असता तर अँटेना उघडली नसती. माझं बरोबर होतं.

घरी आल्यावर मी इनासकडे फोन लावला. त्याच्या बायकोने, फिलूने उचलला. मी म्हटलं, त्याला सांग, बोलला तो, उपग्रह बोलला. ती म्हणाली, "तो वाडीत गेलाय गं, आल्यावर सांगते." तिच्या मागे तो खोकलेला मला ऐकू आला. त्याचा खोकला मला ओळखू येणार नाही का?

काही आठवड्यांनी बॅटरी बिघडली आणि उपग्रह गप्प झाला. त्यात आमचा दोष नव्हता. मुलं पास होऊन बँकांची सॉफ्टवेअरं लिहायला निघून गेली. सरांना पक्षाघाताचा झटका आला. ते वर्षभर अंथरुणाला होते, शेवटी शब्दही नीट फुटत नव्हते. मी जाऊन बसायचे. एकदा त्यांनी "शिवण" असं काहीसं म्हटलं, किंवा मला तसं वाटलं. त्यांच्यानंतर गाळा विकला गेला. आता तिथे फरसाण बनतं. कर्नल इंटरनेटवर आहे, कोणी घेतं, कोणी विचारत नाही. सांगलीच्या कारखानदारांना त्या चुकीबद्दल मी आवर्जून कळवलं होतं. ते म्हणाले, "असं काही होतं का? आम्हाला तर कळलंच नाही, ताई."

पुढे मी विरारच्या एका कॉलेजात परीक्षा घ्यायला जाऊ लागले. तिथे एका मुलीने तिच्या प्रोजेक्टात आमचा कर्नल वापरला होता. तिने तो मनापासून वाचला होता. प्रश्न संपल्यावर तीच मला विचारू लागली.

"मॅडम, हे सगळं तुम्ही एकट्यांनी लिहिलंत?"

"नाही."

"मग दुसरं नाव का नाही?"

मी म्हटलं, वेळ झाली, पुढच्याला पाठव. ती गोंधळून गेली. दिवसभर मला तिचा चेहरा दिसत राहिला. संध्याकाळी स्कूटर घराकडे न नेता मी गासला नेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

इनास वाडीत घेवड्याच्या वेलांना सुतळी बांधत होता. केस सगळे पांढरे. गावातल्या मुलांना गणित शिकवतो एवढं मला ऐकून माहीत होतं. मला बघून तो हसला, अगदी सहज, कालच भेटल्यासारखा. "ये. फिलू, मीनल आलीय, चहा ठेव."

इकडचं तिकडचं बोलणं झालं. माझ्या आईचं त्याला कळलं होतं. तो म्हणाला, यायला हवं होतं. मग मी त्या मुलीचं सांगितलं. "मुलं विचारतात, इनास. तुझं नाव सांगू का? फाइलीत नको घालायला. नुसतं तोंडी."

"नको," तो म्हणाला.

"अजून?"

"हो, अजून."

म्हणून इथेही मी त्याचं नाव बदललं आहे. गावही.

सुतळीची गाठ मारत, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "ते परत आले होते?"

कोण ते, हे विचारायची गरज नव्हती. "आले नाहीत. एकदा फोन आला होता. दिवाळीचा."

"काय म्हणाले?"

मी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती, सरांनासुद्धा नाही. त्यालाही सांगणं टाळता आलं असतं. पण माझी ओळ घाबरलेली असली की याला कळतं.

"आभार मानले," मी म्हटलं. "म्हणाले, मॅडम, आता वेळ चुकत नाही."

त्याचे हात थांबले. आत कपबशा वाजत होत्या.

"आणि कॉलेजच्या पोरांपैकी कोणी आभार मानले?"

"कोणी नाही."

त्याने मान हलवली आणि पुढच्या वेलाकडे सरकला. सुतळी एका हाताने ताणली जात नव्हती. मी दुसरं टोक धरलं. फिलूने चहाला दोनदा हाक मारली. आम्ही ती ओळ संपेपर्यंत बांधत राहिलो.